पूजेत निजलेला शॉकर

खंडेनवमीच्या सकाळी इंदुमतीबाई मगदूम नारळ काढण्यासाठी गाडीच्या डिकीत शिरल्या, आणि दुपारपर्यंत त्या इतक्या आत पोहोचल्या होत्या, की विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बाहेर येईतो कपातला चहा निवून जात असे. त्यांचे यजमान आण्णाप्पा मगदूम दोन्ही तळहातांवर डिकीचे झाकण तोलून अंगणात उभे होते. चहा शेजारच्या कुंभोजे गुरुजींनी आणला होता आणि तो त्यांनीच मगदुमांच्या तोंडाला लावला होता, कारण मगदुमांचे हात मोकळे नव्हते.

डिकी लांबू लागल्याला बरेच दिवस झाले होते. झाकण उघडे तोलून धरणारा वायूचा दांडा उन्हाळ्याच्या अखेरीस निकामी झाला. पॉलिटेक्निकमध्ये शिकलेले आणि पुढे सारी नोकरी यंत्रांच्या कारखान्यात केलेले मगदूम त्याला गॅस स्ट्रट म्हणत. कोपऱ्यावरच्या गॅरेजचा बशीर मिस्त्री त्याला शॉकर म्हणे. नळीत दाबून भरलेला वायू झाकणाला खालून रेटा देतो, एवढेच त्याचे काम. तो वायू निसटला. निसटून कुठे गेला, हे आधी कळले नाही. डिकीतली पिशवी काढताना कमरेपर्यंत आत वाकावे लागू लागले, तेव्हा कळले.

तेव्हापासून मगदुमांनी झाकण धरायचे आणि इंदुमतीबाईंनी आत वाकून वस्तू काढायची, अशी रीत पडली. खरे म्हणजे ही रीत जुनीच होती. लग्न झाल्यापासून शिडी, बॅटरी, पाहुण्यांपुढचा विषय, हे सारे मगदूम धरून ठेवीत आणि वस्तू आणायला इंदुमतीबाई जात.

झाकण मिटले, की डिकीची खोली पुन्हा कारखान्यातून आली तेवढीच होई. त्या मापात जे बसत नसे ते परत दिसत नसे. श्रावणात एक छत्री अशीच गेली. तिच्या मागोमाग चिवड्याचा डबा गेला. इंदुमतीबाई आत वाकलेल्या असताना झाकण पडता कामा नये, हे घरात कोणी बोलून दाखवले नव्हते. पण झाकण धरलेले असताना मगदूम श्वाससुद्धा जपून घेत.

नवा स्ट्रट अष्टमीला आला. इंदुमतीबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, "आधी बसवून टाका की. उद्या गाडीची पूजा, धा वेळा डिकी उघडायला लागंल."

"नवी वस्तू आहे. आधी हळदकुंकू, मग काम. कारखान्यात कधी चुकवलं नाही, ते घरात चुकवू?"

"कारखान्यात तुमची बायको डिकीत शिरत नव्हती."

मगदुमांनी स्ट्रट पुसला आणि इतर हत्यारांबरोबर पाटावर मांडला. सकाळी त्याला हळदकुंकू लागले, झेंडूचे फूल मिळाले, आणि तो निजला.

खंडेनवमीला हत्यारे निजतात, हे कारखान्यांच्या गावात कोणाला सांगावे लागत नाही. एकदा कुंकू लागले, की पान्याची पकड जाते, कानस मऊ पडते, पक्कड कुशीवर वळून पाय जवळ घेते. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, ज्याने पूजा मांडली त्यानेच अक्षता टाकून त्यांना उठवायचे असते. तोवर त्यांना हात लावायचा नाही, आणि लावून उपयोगही होत नाही.

पूजा मांडून झाल्यावर, गाडीपुढे फोडायचा नारळ डिकीतच राहिला आहे, हे दोघांच्या लक्षात आले. मगदुमांनी झाकण उचलून धरले. इंदुमतीबाईंनी पदर खोचून एक गुडघा आत टेकवला. नारळ बोटांना लागता लागता पुढे घरंगळला. त्यांनी दुसरा गुडघा आत घेतला. मग त्या उभ्या राहिल्या. आत उभे राहण्याइतकी उंची आहे, हे दोघांनाही त्याच वेळी समजले, आणि त्यात नवल वाटण्याइतकी उसंत दोघांनाही नव्हती. "हा काय, हितंच हाय," असे म्हणत त्या नारळामागे चालू लागल्या.

त्या चालू लागल्या तसे झाकण जड होऊ लागले. मगदुमांनी ते नीट पाहिले. त्या थांबल्या, की वजन थांबे. त्या पुढे गेल्या, की वाढे. अंतर आणि वजन यांचे प्रमाण सरळ होते. डोळे मिटूनसुद्धा ती कुठवर गेली, थांबली की चालली, हे त्यांना तळहातांत कळत होते. इतक्या वर्षांच्या संसारात पत्नीचा ठावठिकाणा त्यांना एवढा अचूक कधी कळलेला नव्हता. दुपारपर्यंत त्यांचे खांदे भरून आले, मनगटे बधिर झाली. पण ती माहिती मात्र अखंड येत राहिली.

"द्या, मी धरतो जरा," कप खाली ठेवून कुंभोजे गुरुजी म्हणाले.

त्यांनी झाकणाला हात लावला. मगदुमांनी स्वतःचे हात किंचित सैल करताच झाकण वीतभर खाली आले. गुरुजींचे हातही त्याच्याबरोबर खाली आले.

"गुरुजी, जोर लावा."

"लावू कशाला? मला वजनच लागत नाही. पत्रावळ धरल्यासारखं वाटतंय."

मगदुमांनी झाकण पुन्हा वर रेटले. मग गुरुजींनी वळचणीचा बांबू आणून टेकू दिला. बांबू झाकणाच्या भाराने मोडला नाही. भिजल्या कणकेत बोट जावे तसा अंगणातल्या फरशीत जात राहिला आणि शेवटी दिसेनासा झाला. गुरुजी बराच वेळ त्या जागेकडे पाहत राहिले.

"तो आमच्या वळचणीचा होता," ते म्हणाले.

मगदुमांनी डिकीत तोंड घालून हाक मारली. "इंदू. नारळ राहू दे. माघारी फीर."

उन्हाची तिरीप गाडीच्या टपावरून काचेवर आली, तेव्हा उत्तर आले. आवाज लहान, पण स्वच्छ होता.

"पुढंच हाय हो तो. थोडक्यात राहिला."

"दुसरा आणू बाजारातून."

पुन्हा वाट पाहावी लागली. "गाडीच्या नावानं काढून ठेवलेला नारळ असा वाटंत सोडत्यात व्हय? तुमचा चिवड्याचा डबा सापडला बघा. अजून कुरकुरीत हाय."

"तू खात बसलीस?"

या वेळी उत्तराला अधिक वेळ लागला. झाकण जड झाले नव्हते. म्हणजे ती जागेवर होती. मग आवाज आला, "जरा टेकले. हितं गार हाय. कुणी हाक मारत न्हाई. तुम्ही मारताय तेवढीच."

त्या बोलण्यात राग नव्हता, आणि मगदुमांना त्याचीच भीती वाटली. राग असता, तर ती भांडायला तरी परत आली असती. मग तळहातांतला भार हळूहळू वाढू लागला. टेकून झाले होते. ती पुन्हा चालू लागली होती, आणि दूरच चालली होती.

"गुरुजी," मगदूम म्हणाले, "बशीरला बोलवा."

बशीर मिस्त्री नवा सदरा घालून आला. त्याच्या गॅरेजला कुलूप होते आणि आतल्या पाटावर त्याचीही सारी हत्यारे निजलेली होती. बापापासूनची रीत होती. त्याने आधी डिकीत वाकून पाहिले, मग मगदुमांच्या हातांकडे पाहिले.

"वैनी कुठवर गेल्यात?"

"दोन्ही हात भरून गेली आहे. दिवस मावळेपर्यंत मला झेपणार नाही. स्ट्रट बसवायला हवा."

"आणि नवा शॉकर कुठं हाय?"

मगदुमांनी हनुवटीने सोप्यातल्या पाटाकडे खूण केली. बशीरने पाटाजवळ जाऊन वाकून पाहिले. नवा काळा स्ट्रट हातोडीच्या दांड्यावर डोके ठेवून पडला होता. बशीरने बोटाने उचलला, तर तो पडवळासारखा दोन्हीकडून लोंबला. त्याने तो तसाच परत ठेवला आणि वरचे फूल सारखे केले.

"आण्णा, बसवायच्या आधी पूजेत घातला?"

"घातला."

"मिस्त्री लोक करत्यात असलं. तुम्ही तर डिप्लोमावालं."

"डिप्लोमावाल्यांनीच जास्त केलं असतं," कुंभोजे गुरुजी म्हणाले. "आता टोमणे पुरे. उपाय सांग."

"उपाय काय, उठवायचा. पूजा त्यांनी मांडली, अक्षता त्यांनीच टाकायला पायजेत. पण आत्ताशी दुपार हाय गुरुजी. अर्धी झोप. अर्ध्या झोपेतनं उठवलेलं हत्यार काम करतंय, न्हाई असं न्हाई. पण पेंगतंय."

मगदुमांनी विचार केला. बांबू बाहेरचा होता, गुरुजींचे हात बाहेरचे होते. म्हणून झाकणाने त्यांना जुमानले नव्हते. स्ट्रटची दोन्ही टोके मात्र गाडीच्याच अंगाला जोडली जातात. तो गाडीचा अवयव होईल, आणि अवयवाला भार नाकारता येत नाही. विचारात कुठे चूक दिसली नाही. थकलेल्या माणसाच्या विचारात चूक सहसा दिसत नाही, हेही त्यांना माहीत होते.

"पाट इकडे आणा," ते म्हणाले.

गुरुजी आणि बशीर यांनी दोन बाजूंनी पाट उचलून आणला. पक्कड झोपेत थोडी सरकली. मगदुमांनी झाकण डाव्या तळहातावर आणि कपाळावर घेतले, उजवा हात मोकळा केला आणि गुरुजींनी पुढे केलेल्या अक्षता चिमटीत धरल्या. उत्तरपूजेचे सगळे शब्द त्यांना आठवेनात. शेवटचे तेवढे आठवले. "पुनरागमनाय च," असे म्हणून त्यांनी अक्षता फक्त स्ट्रटवर टाकल्या. हे शब्द देवांना उद्देशून असतात. त्यांनी ते डिकीकडे तोंड करून म्हटले.

स्ट्रट शहारला. जांभई द्यावी तसा बारीक फुसकारा करून तो हळूहळू ताठ झाला.

"चल, बशीर."

"पान्याला हात लावणार न्हाई हां मी."

"लावू नकोस. नखाने होईल."

झाकणावर एक आणि खाली गाडीच्या अंगावर एक, अशा दोन गोल मुंड्या होत्या. स्ट्रटच्या दोन्ही टोकांच्या वाट्या त्यांच्यावर दाबून बसवायच्या होत्या. बशीरने जुन्या दांड्याच्या टोकांवरचे चाप अंगठ्याच्या नखाने उचलले आणि तो ओढून काढला. त्यात काही उरले नव्हते. तो वाळलेल्या शेंगेसारखा वाजला.

"नळी वर, दांडा खाली," मगदूम म्हणाले. "आतलं तेल तोंडाशी राहिलं पाहिजे."

"म्हाईत हाय आण्णा. आता तुम्ही काही न बोलता नुसतं धरा."

वरची वाटी टक् आवाज करून बसली. खालची मात्र मुंडीवर बसेना; दांडा जरा लांब पडत होता. स्ट्रट पूर्ण पसरलेला असतो, त्यामुळे झाकण अगदी शेवटच्या उंचीपर्यंत उचलल्याशिवाय तो बसत नाही. मगदुमांनी जोर लावला. त्यांच्या मानेच्या शिरा उभ्या राहिल्या. झाकण हलले नाही.

"चार बोटं आण्णा. फक्त चार बोटं वर."

"होत नाही."

"मग वैनीला सांगा. चार पावलं माघारी येऊ दे म्हणावं."

मगदुमांनी डिकीत तोंड घातले. आजवर त्यांनी बायकोला आण, दे, बघ, शोध असे पुष्कळ सांगितले होते. आज काय सांगायचे ते लगेच सुचले नाही.

"इंदू," ते म्हणाले, "मला झेपत नाही गं. जरा माघारी ये."

तिघेही थांबले. स्ट्रट वरच्या मुंडीला लोंबकळत मंद डुलत होता. बशीर अधूनमधून त्याला टिचकी मारून जागे ठेवत होता. उत्तर आले नाही. पण बऱ्याच वेळाने मगदुमांच्या तळहातांतले वजन जरासे उतरले, मग आणखी जरासे. ती येत होती. त्यांनी श्वास घेतला आणि झाकण वर रेटले. ते चार बोटे वर गेले, बशीरने खालची वाटी तळहाताने ठोकली, टक् आवाज झाला.

"सोडा," बशीर म्हणाला.

मगदुमांनी हात सोडले नाहीत. एकेक बोट काढले. झाकण जिथल्या तिथे राहिले. सकाळपासून प्रथमच त्यांचे हात खाली आले आणि ते दुसऱ्या कोणाचे तरी असल्यासारखे दोन बाजूंना लोंबत राहिले. कुंभोजे गुरुजींनी खुर्ची आणली. मगदूम बसले नाहीत.

त्यांच्या तळहातांत आता काहीच नव्हते. ती चालत होती की थांबली होती, येत होती की गेली होती, हे सारे आता स्ट्रटला कळत होते, आणि तो मिटल्या ओठांचा होता.

"इंदू," त्यांनी हाक मारली. चहा निवावा इतका वेळ गेला. मग जेवणाचे ताट वाढून निवावे इतका गेला. डिकीच्या तोंडातून गारव्याची एक झुळूक आली, शब्द आला नाही.

"येत असतील," गुरुजी म्हणाले. "वाट लांब आहे."

"दांड्याकडे बघा," मगदूम म्हणाले.

चकचकीत दांडा नखभर नळीत गेला होता. तो तिच्या दूर जाण्याने गेला, की स्ट्रटला डुलकी लागल्याने गेला, हे पाहून सांगता येत नव्हते. मगदुमांनी चपला काढल्या आणि एक गुडघा डिकीत टेकवला.

"आण्णा, तुम्ही आत गेलात तर तुमचंबी वजन त्याच्यावरच पडणार," बशीर म्हणाला. "शॉकर एकाचा हाय. आणि तो पेंगतोय."

"त्याला पेंगू देऊ नका."

"मी त्याच्याशी बोलत राहतो," कुंभोजे गुरुजी म्हणाले. "बोलत राहिलं की झोप येत नाही."

"तुम्ही नका बोलू गुरुजी. सातवीला तुमच्या इतिहासाच्या तासाला आख्खा वर्ग घोरायचा. मीबी." बशीर गाडीच्या मागच्या कडेवर टेकला आणि त्याने स्ट्रटवर हात ठेवला. "मीच बोलतो. कार्बोरेटर कसा खोलायचा ते सांगतो त्याला. जा तुम्ही. लवकर या."

मगदूम आत गेले आणि उभे राहिले. पायांखाली डिकीची राखाडी चटई होती, तीवर जोतिबाच्या गुलालाचे जुने डाग होते. पुढे चटई होती, डाग नव्हते. दोन्ही बाजूंचा पत्रा हाताला लागत होता. मागून बशीरचा आवाज येत होता: आधी नळी काढायची, मग तरंगणारा गोळा, तो हलक्या हाताने. मगदूम चालत राहिले. आयुष्यात ते प्रथमच एखादी गोष्ट आणायला निघाले होते, आणि ती कुठे ठेवली आहे हे विचारायला कोणी नव्हते. पाय दुखत होते. खांदे तर सकाळपासूनचेच दुखत होते. बशीरचा आवाज बारीक होत होत शब्दांचा नुसता गुणगुणाट झाला, आणि पुढे पुढे गुणगुणाट आहे की आपल्या कानांतले रक्त, हे त्यांना सांगता येईना.

इंदुमतीबाई चटईवर पाय लांब करून बसल्या होत्या. नारळ त्यांच्या मांडीवर होता. त्या मगदुमांकडे पाहत राहिल्या. आश्चर्य वाटायलाही त्या फार थकल्या होत्या.

"तुम्ही आलात?"

"आलो."

"मी येतच होते. तुम्ही बोलावलंत म्हणून उठले, थोडं आले. मग पाय चालंनात." त्यांनी नारळ बाजूला ठेवला. "बसा. हात बघू."

मगदूम शेजारी बसले. इंदुमतीबाईंनी त्यांचे दोन्ही हात ओढून मांडीवर घेतले. तळव्यांवर झाकणाच्या कडेचा खोल वण उमटला होता, काळानिळा, एका हातातून दुसऱ्या हातात सरळ रेषेत गेलेला. त्या वणावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"सकाळपासनं?"

"सकाळपासून."

"मला काय ठाऊक, एवढं जड हाय. सांगायचं तरी." मग त्यांचा अंगठा थांबला. "तुम्ही हितं हाय. मग भाईर धरलंय कोणी?"

"स्ट्रट बसवला."

"कुठला? पाटावरचा? तो उठला?"

दोघांनीही मान वळवून मागे पाहिले.

डिकीचे तोंड दूर दिसत होते. उजेडाची एक आडवी पट्टी होती, संध्याकाळच्या पिवळ्या रंगाची, आणि ती बारीक होती. आत येताना ती याहून मोठी असणार हे उघड होते. पण दूर गेलेली प्रत्येक वस्तू लहान दिसते, हेही उघड होते. बशीरचा आवाज ऐकू येत नव्हता.

"ती मिटत चाललीय का हो," इंदुमतीबाईंनी विचारले, "का आपणच लई लांब आलोय?"

मगदुमांनी सावकाश विचार केला. अंतरामुळे लहान दिसत असेल, तर लांबी आणि उंची दोन्ही सारख्याच प्रमाणात घटल्या असतील. झाकण खाली येत असेल, तर लांबी तशीच राहील, फक्त उंची घटेल. म्हणजे दोन मापे घ्यायला हवीत, एक आडवे आणि एक उभे.

"उठ," ते म्हणाले. "धावता येईल का तुला?"

"लांब असंल तर न्हाई येणार. मिटत असंल तर येईल. आधी सांगा, काय ते."

मगदुमांनी वण उमटलेला उजवा हात पट्टीच्या दिशेने सरळ लांब केला, अंगठा आडवा धरला, आणि एक डोळा मिटला.